पक्ष बदलतात, नोंद राहते : खानदेशात विधानसभेआधी नेता कसा तोलावा

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला आणि जळगाव जिल्ह्यातील ११ व धुळे जिल्ह्यातील ५ अशा सोळाही जागा महायुतीकडे गेल्या. जळगावात भाजपला ५, एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेला ५ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला १ जागा मिळाली. धुळ्यात भाजपला ४ आणि शिवसेनेला १. डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाचा विस्तार झाला तेव्हा गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, संजय सावकारे आणि जयकुमार रावल असे चार मंत्री या दोन जिल्ह्यांतून झाले. त्या निकालाने या दोन जिल्ह्यांतून विरोधी बाकावर बसणारा एकही आमदार दिला नाही.

निकालानंतर आपल्या वस्त्यांमध्ये दोन वाक्ये सारखी ऐकू आली. एक, "आपली मतं फुटली." दुसरे, "आपला नेताच चुकला." दोन्हींत थोडेफार तथ्य असेल. पण पुढच्या वेळी वेगळे काय करायचे, हे त्यातून कळत नाही. पाच वर्षांनी पुन्हा गाड्या येतील, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालताना फोटो निघतील, आणि मतदानाच्या आदल्या रात्री घराघरांत तीच चर्चा होईल.

कोणत्या पक्षाला मत द्यावे हे आम्ही या लेखात सांगणार नाही. नेता तोलायचा कसा, त्यासाठी कोणते कागद लागतात आणि ते कुठे मिळतात, हे तरुण कार्यकर्त्यांच्या हाती एकत्र असावे म्हणून ही मांडणी आहे. विधानसभेची तयारी प्रचाराच्या पंधरा दिवसांत होत नाही. ती आतापासून करावी लागते.

आपली संख्या आणि आपल्या जागा

आधी नकाशा. जळगाव जिल्ह्यात चोपडा, रावेर, भुसावळ, जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा, जामनेर आणि मुक्ताईनगर हे अकरा मतदारसंघ आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री, धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा आणि शिरपूर हे पाच. यांपैकी चोपडा, साक्री आणि शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा एकच, भुसावळ. राज्यात २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. त्यांतली खानदेशच्या वाट्याला ही एकुलती एक.

२०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ९ टक्के आणि धुळे जिल्ह्यात सुमारे ६ टक्के आहे. अनुसूचित जमाती जळगावात सुमारे १४ टक्के, तर धुळ्यात ३१ टक्क्यांच्या पुढे. अनुसूचित जातींत बौद्धांबरोबर चर्मकार, मातंग, मेहतर असे समाज आहेत. म्हणजे या दोन जिल्ह्यांत केवळ बौद्धांच्या मतांवर कोणतीही जागा निवडून येत नाही. राखीव भुसावळसुद्धा नाही.

राखीव जागेचे गणित पुष्कळ तरुणांना नीट माहीत नसते. भुसावळमध्ये उमेदवार अनुसूचित जातीचाच असतो. त्याला निवडतात मात्र सगळे मतदार आणि त्यांतले बहुसंख्य अनुसूचित जातींबाहेरचे असतात. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या, त्याचा हा परिणाम आहे. निवडून येण्यासाठी उमेदवाराला आधी इतरांना चालावे लागते. आपल्या समाजाला तो कितपत बांधील आहे, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर जातो. म्हणून राखीव जागेवर नेत्याची नोंद तपासण्याची गरज जास्त आहे.

१९३७ : जिथे पहिल्यांदा तोलले

प्रांतिक निवडणुकीत नेते तोलण्याचा खानदेशचा अनुभव नवा नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन फैजपूरला झाले, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि शेतकऱ्यांचा कार्यक्रम तिथे मंजूर झाला. काही आठवड्यांवर मुंबई प्रांताची निवडणूक होती. त्याआधी ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला होता. मतदानाचा हक्क मर्यादित होता. मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटी होत्या, त्यामुळे आपल्यातले फारच थोडे लोक मतदार होते. तरीही स्वतंत्र मजूर पक्षाने उभे केलेले बहुतेक उमेदवार निवडून आले. पूर्व खानदेशातून दौलत गुलाजी जाधव विधानसभेत गेले.

त्याच वर्षी, ३१ जुलै १९३७ रोजी, बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले. दरवर्षी ३१ जुलैला आपण हजारोंच्या संख्येने तिथे जातो. त्या वर्षी बाबासाहेब स्वतः निवडून आलेले आमदार होते, हे मात्र त्या दिवशी फारसे कोणी सांगत नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. महार वतनाचा प्रश्न सभागृहात नेला. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कामगारांचा संप झाला. निवडून आल्यावर दीड-दोन वर्षांत ही नोंद तयार झाली होती. कोणीही मतदार ती बोटांवर मोजू शकत होता.

पुढचा इतिहास कडू आहे. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा दारुण पराभव झाला. संयुक्त मतदारसंघात आपला पाठिंबा असलेला माणूस पडतो आणि दुसऱ्यांना चालणारा निवडून येतो, हे फेडरेशनने तेव्हाच दाखवून दिले. १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात खानदेशही होता. १९६४ मध्ये तो देशभर झाला. नंतर पक्षात गट पडत गेले. १९९८ च्या लोकसभेत मात्र प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि जोगेंद्र कवाडे हे चौघे महाराष्ट्रातून, चौघेही सर्वसाधारण जागांवरून, काँग्रेसबरोबरच्या युतीतून निवडून आले. एकजूट आणि युती दोन्ही जमल्या तर काय होते, त्याचे ते उदाहरण. ती एकजूट टिकली नाही, हेही तितकेच खरे.

झेंडा पाहून तोलता येत नाही

आता आपल्या दोन जिल्ह्यांतील नेत्यांचा प्रवास पाहू. ही सगळी सार्वजनिक माहिती आहे आणि कोणाला हिणवण्यासाठी ती देत नाही.

भुसावळचे संजय सावकारे २००९ मध्ये राष्ट्रवादीकडून आमदार झाले. २०१४ पासून ते भाजपकडून निवडून येतात आणि २०२४ नंतर वस्त्रोद्योग मंत्री झाले. शिरपूरचे काशिराम पावरा २०१४ ला काँग्रेसचे आमदार होते, २०१९ ला भाजपचे. मुक्ताईनगरमधून सलग सहा वेळा निवडून आलेले एकनाथ खडसे ऑक्टोबर २०२० मध्ये भाजपमधून राष्ट्रवादीत गेले. चाळीसगावचे माजी आमदार आणि जळगावचे माजी खासदार उन्मेष पाटील एप्रिल २०२४ मध्ये भाजप सोडून उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेत गेले आणि नोव्हेंबरमध्ये चाळीसगावात पराभूत झाले. जळगाव जिल्ह्यात २०१९ ला शिवसेनेचे चार आमदार निवडून आले होते. जून २०२२ मध्ये चौघेही शिंदे यांच्याबरोबर गेले, मुक्ताईनगरचे अपक्ष चंद्रकांत पाटील आणि साक्रीच्या अपक्ष मंजुळा गावित याही गेल्या. अमळनेरचे अनिल पाटील जुलै २०२३ मध्ये अजित पवारांबरोबर गेले आणि मंत्री झाले. धुळे ग्रामीणचे कुणाल पाटील दोन वेळा काँग्रेसचे आमदार होते. २०२४ ला ते पडले आणि जुलै २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले.

ही यादी वाचून "सगळे सारखेच" असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या भागात नेता पाच वर्षांत झेंडा बदलू शकतो, त्या भागात झेंडा पाहून मत देणारा मतदार पाच वर्षांसाठी काहीच ठरवत नाही. संविधान वाचवायचे म्हणून एकाला मत दिले आणि तो उद्या पलीकडे गेला, किंवा सत्तेचा फायदा होईल म्हणून दुसऱ्याला दिले आणि निधी परत गेला, तर जाब कशाच्या आधारावर विचारणार? पक्ष बदलला तरी एक गोष्ट माणसाबरोबर जाते. त्याने काय केले, कुठे हजर होता, कशावर गप्प बसला, याची नोंद. त्या नोंदीवर तोलले तर तो कोणत्याही पक्षात गेला तरी आपला तराजू बदलत नाही.

तीन बाजू आणि त्यांना विचारायचे प्रश्न

२०२४ मध्ये आपल्या मतदारांपुढे मुख्यतः तीन नेतृत्वे होती. तिन्हींच्या बाजूने वस्तीत बोलणारी प्रामाणिक माणसे होती, हे आधी मान्य करू.

पहिली बाजू महायुतीची. तिचे समर्थक सांगत, सत्ता जिथे आहे तिथे काम होते. रामदास आठवले केंद्रात सामाजिक न्याय राज्यमंत्री आहेत. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले होते. शेतमजुरी किंवा धुणीभांडी करून घर चालवणाऱ्या बाईला त्या पैशाचे मोल काय असते, हे वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. तिने त्यावरून मत ठरवले असेल तर तिला "विकली गेली" म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण या बाजूला एक प्रश्न विचारलाच पाहिजे. मे २०२५ मध्ये लाडकी बहीणसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये वळवण्यात आले. त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. ज्या पैशातून आपल्या मुलांची वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या चालतात तो पैसा वळवला जात असताना आपल्या सोळा आमदारांपैकी कोण बोलले?

दुसरी बाजू महाविकास आघाडीची. संविधान धोक्यात आहे, हा तिचा मुख्य मुद्दा. २०२४ च्या लोकसभेत त्याचा मोठा परिणाम दिसला आणि आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या. धुळे लोकसभेत काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी निवडून आल्या. पण तो निकालही उलगडून पाहावा. सहा विधानसभा विभागांपैकी पाचांत भाजप पुढे होता. मालेगाव मध्य या एकाच विभागातील प्रचंड आघाडीने निकाल फिरवला. धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेड्यात संविधानाचा मुद्दा तेव्हाही पुरेसा पोहोचलेला नव्हता. सहा महिन्यांनी विधानसभेत तेच दिसले. या बाजूला विचारायचे प्रश्न असे : खानदेशात सर्वसाधारण जागेवर बौद्ध उमेदवार तुम्ही शेवटचा कधी दिला? जिल्हा कार्यकारिणीत आपली माणसे किती? आणि निवडणूक हरल्यावर तुमचा नेता तुमच्याच पक्षात राहील याची खात्री काय?

तिसरी बाजू वंचित बहुजन आघाडीची. स्वतःचे नेतृत्व, स्वतःचे चिन्ह, आणि ज्यांना कोणी तिकीट देत नाही त्यांना तिकीट. रावेरमध्ये वंचितने शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीला उमेदवारी दिली. मोठ्या पक्षांत हे धैर्य दिसले नाही, याची नोंद चांगल्या बाजूला करावीच लागेल. पण वंचितने राज्यात सुमारे २०० जागा लढवल्या आणि एकही जिंकता आली नाही. २०१९ च्या विधानसभेतही खाते उघडले नव्हते. त्याच २०१९ मध्ये वंचितची एमआयएमशी युती विधानसभेआधी तुटली आणि एमआयएमचे फारुक शाह धुळे शहरातून एकट्याच्या बळावर जिंकले. २०२४ ला तीच जागा भाजपच्या अनुप अग्रवाल यांनी ४५ हजारांहून अधिक मतांनी घेतली. वंचितला विचारायचे ते असे : दोन निवडणुकांच्या मधल्या काळात तुमच्या बूथ समित्या कुठे असतात? युती का तुटते, हे कार्यकर्त्यांना कधी समजावून सांगितले जाते का?

तिन्ही बाजूंना आणखी एक प्रश्न सारखाच लागू होतो. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल असा निकाल दिला. त्यावर बौद्ध, मातंग आणि चर्मकार समाजांत वेगवेगळी मते आहेत. जो नेता आपल्या सभेत एक बोलतो आणि मातंग समाजाच्या सभेत दुसरे, त्याला दोन्ही ठिकाणी खाली उतरवले पाहिजे. आपसात बोलणे आपण करू. आपल्यातली फूट त्याच्या कामी येऊ देऊ नये.

पाच मापे

आता मुख्य भाग. आमदाराने आपल्यासाठी काय केले, हे भाषणातून कळत नाही. खालील पाच मापे कागदावर तपासता येतात.

१. अत्याचार प्रतिबंधाची दक्षता समिती. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांत नियम १७ आहे. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समिती असते आणि तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हायला हवी. जिल्ह्यातील खासदार आणि आमदार या समितीचे सदस्य असतात. किती गुन्हे नोंदले, आरोपपत्र ६० दिवसांत गेले का, पीडितांना अर्थसाहाय्य मिळाले का, हे तिथे तपासले जाते. जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातील वाकडी गावात विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजाच्या मुलांना मारहाण करून विवस्त्र फिरवण्यात आले, तेव्हा गाव काही दिवस राज्यभर बातम्यांत होते. बातम्या थांबल्यावर खटला, साक्षीदारांचे संरक्षण आणि पुनर्वसन यांचा पाठपुरावा करण्याची जागा ही समिती आहे. तुमचा आमदार तिच्या किती बैठकांना हजर होता?

२. जिल्हा नियोजन समितीत आपला पैसा. अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाचा जिल्ह्याचा आराखडा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समितीत ठरतो. जानेवारी २०२५ मध्ये जळगावचे पालकमंत्रिपद गुलाबराव पाटील यांच्याकडे आणि धुळ्याचे जयकुमार रावल यांच्याकडे गेले. मंजूर किती, मिळाले किती, ३१ मार्चपर्यंत खर्च किती, हे तीन आकडे दरवर्षी मागा. वस्ती विकासाच्या निधीतून झालेला रस्ता खरोखर वस्तीत आहे का, हे पायी जाऊन पाहा. आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगणात हा निधी दुसरीकडे वळवता येऊ नये यासाठी कायदे झाले आहेत. महाराष्ट्रात तशा कायद्याची मागणी जुनी आहे. त्यावर उमेदवाराची भूमिका लेखी घ्या.

३. जमीन. दादासाहेबांच्या सत्याग्रहाचा प्रश्न अजून जिवंत आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. तुमच्या तालुक्यात त्याखालील किती प्रकरणे अडकली आहेत? कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन देण्याची तरतूद आहे. सरकारने जमीन खरेदीची मर्यादा एकरी जिरायतीला ५ लाख आणि बागायतीला ८ लाख ठेवली. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात त्या दराने जमीन कोण विकणार? हा प्रश्न सभागृहात मांडायला आमदार लागतो.

४. शिक्षण. शिष्यवृत्ती वेळेवर जमा झाली का, सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहात किती जागा आणि किती अर्ज, स्वाधार योजनेचे पैसे कोणत्या महिन्यात आले. जळगाव, भुसावळ आणि धुळ्यात शिकणाऱ्या खेड्यातल्या मुलामुलींकडून ही माहिती एका दिवसात गोळा होते. खोलीचे भाडे थकल्यामुळे वर्ष सोडणारी मुलगी कोणत्याही जाहीरनाम्यात नसते. ती आपल्या यादीत असली पाहिजे.

५. विधानसभेतील तोंड. आमदाराने किती तारांकित प्रश्न, किती लक्षवेधी मांडल्या आणि त्यांत वरील चार विषयांवरचे किती, हे विधिमंडळाच्या कामकाजाच्या प्रकाशनांतून पाहता येते. मंत्री झालेल्याला प्रश्न मांडता येत नाहीत. त्याचे माप वेगळे : त्याच्या खात्याने आपल्या समाजघटकासाठी काय निर्णय घेतले?

कागद कसे मिळवायचे

पहिल्या मापासाठी माहिती अधिकाराचा अर्ज सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात करा. मजकूर साधा ठेवा : अमुक तारखेपासून आजपर्यंत झालेल्या जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समितीच्या बैठकांच्या तारखा, उपस्थितीपत्रक आणि इतिवृत्ताच्या प्रती द्याव्यात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील. नियोजन समितीची माहिती जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांकडून, वस्ती विकासाची जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागाकडून मागावी. पाच विषयांसाठी पाच जणांनी पाच अर्ज करावेत. एकट्यावर ओझे टाकू नये आणि एकट्याला उघडेही पाडू नये.

उमेदवारी अर्जाबरोबर प्रत्येक उमेदवार नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र देतो. मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे त्यात असतात. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले असते. मागच्या निवडणुकीचे प्रतिज्ञापत्र काढून शेजारी ठेवा. मालमत्तेतला फरक आपोआप बोलतो.

एक सावधगिरी. ही बैठक विहारात घेऊ नका. धार्मिक स्थळाचा राजकीय वापर करण्यास १९८८ च्या कायद्याने मनाई आहे. धर्म किंवा जातीच्या नावावर मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचार ठरतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ च्या निकालात त्याची व्याप्ती वाढवली आहे. विहार सगळ्यांचे राहू द्या. वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसे तिथे एकत्र वंदनेला बसतात, ती सवय मोडू नये. नोंदवही वाचायला वाचनालय, गल्लीतला ओटा किंवा कोणाचे अंगण पुरे आहे. बायकांना वेळ मिळेल अशी वेळ ठेवा, नाहीतर अर्धे मतदार बाहेरच राहतील.

सभेत सगळ्या उमेदवारांना बोलवा. जो येणार नाही त्याचे न येणेही लिहून ठेवा. प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारा. उत्तरे कागदावर घ्या आणि वस्तीच्या फलकावर लावा. मग ज्याने त्याने आपले मत ठरवावे. सगळ्यांचे मत एकच झाले पाहिजे असा हट्ट नको. माहिती सगळ्यांकडे सारखी असली पाहिजे, एवढा हट्ट पुरे.

आपल्या नेत्यालाही हाच तराजू

सगळ्यात अवघड भाग शेवटी. आपण दुसऱ्यांच्या नेत्यांना कडक मापाने तोलतो आणि आपल्या नेत्याला भावनेने. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा त्यांनी सगळ्या देशाला दिला, आपल्यालाही दिला. तथागतांनी कालामांना सांगितले तेही हेच होते : परंपरेने चालत आले, थोर माणसाने सांगितले, एवढ्यावरून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा. हे सुत्त आपण विहारात ऐकतो. मतदान केंद्रात जाताना ते बाहेर ठेवण्याचे कारण नाही.

निळा झेंडा घेऊन आलेल्या उमेदवाराला प्रश्न विचारला की "समाजद्रोही" म्हणण्याची सवय लागली आहे. ती मोडली पाहिजे. ज्या आजीने आयुष्यभर एकाच चिन्हावर शिक्का मारला, तिच्या निष्ठेचा आम्हाला आदर आहे. त्या निष्ठेच्या बदल्यात तिच्या नातवाला वसतिगृह मिळाले का, हे विचारणे हा त्या निष्ठेचाच भाग आहे.

धुळे लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांनी ठरला. एवढी मते तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन मोठ्या वस्त्यांत असतात. आपली संख्या थोडी आहे म्हणून आपल्याला कोणी विचारत नाही, हे अर्धेच खरे आहे. थोडी मते कागद हातात घेऊन उभी राहिली तर उमेदवाराला थांबावे लागते. पुढची विधानसभा २०२९ मध्ये आहे. पहिला अर्ज या महिन्यात टाका. उत्तर आले की तारीख घालून वहीत चिकटवा. ती वही पुढच्या कार्यकर्त्याच्या हाती द्या. नेता झेंडा बदलेल, वही बदलणार नाही.

जयभीम.